मायक्रोफोनचा कान बदलताना

सभागृहात वक्ता बोलू लागला की आपण त्याचे शब्द ऐकतो. मधल्या यंत्राकडे, ते किंचाळेपर्यंत, कोणाचे लक्ष जात नाही. आम्हांला ते द्यावे लागले, याचे कारण आमच्या युनियनच्या कचेरीत चालणारे एक काम. निवृत्त गिरणी कामगारांच्या हकीगती त्यांच्याच आवाजात आम्ही नोंदवून ठेवतो. १९८२ च्या संपात जे ऐन तिशीत होते ते आज सत्तरीच्या पुढे गेले आहेत. दात पडलेले, दम कमी झालेला. अशा माणसापुढे स्वस्तातला कंडेन्सर मायक्रोफोन ठेवला, तर ‘संप’ या शब्दातला ‘स’ तेवढा सुईसारखा टोचतो आणि पुढचा शब्द मागे पडतो. म्हातारा पुन्हा बोलायला येईलच, असा भरवसा नसतो. तेव्हा यंत्र सुधारणे भाग होते, आणि नवे भारी यंत्र घेण्याइतकी आमची तिजोरी जड नाही.

व्यासपीठावर सहसा असतो त्या माइकात लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तो दणकट, पडला तरी बहुधा चालतो. कंडेन्सरची जात निराळी. अमेरिकेत ई. सी. वेन्टे यांनी तो १९१६ साली सिद्ध केला, आणि १९२८ साली बर्लिनमध्ये गेऑर्ग नॉयमान यांनी तो विकण्याजोगा करून कारखाना काढला. त्याचा कान म्हणजे कॅप्सूल. साधारण रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी चकती. तीत सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा ताणून बसवलेला. पडद्याची जाडी बहुधा सहा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामागे केसापेक्षाही कमी अंतरावर भोके पाडलेली पितळी पाटी. दोहोंमध्ये विजेचा दाब ठेवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलते, अंतराबरोबर विद्युत्धारिता बदलते, आणि तोच आपला संदेश.

आता हिशेब पाहा, कारण पुढची सारी काळजी त्यातूनच निघते. कॅप्सूलची धारिता पन्नास पिकोफॅरड धरली, तर वीस हर्ट्झच्या खर्जाला तिचा अवरोध सुमारे १६ कोटी ओहम येतो. म्हणून तिच्या पाठीशी १०० कोटी ओहमचा रेझिस्टर बसवतात. इतक्या मोठ्या अवरोधापुढे घामट बोटाचा ठसा किंवा सोल्डरच्या राळेचा ओघळ ही विजेला चोरवाटच होते. माइक मग चरचरतो, खर्ज खातो. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत हा अनुभव येतो, त्याचेही कारण हेच.

पण ‘स’ का टोचतो? नॉयमान यांच्या १९६० च्या यू ६७ या माइकात के ६७ नावाची कॅप्सूल होती. तिचा तार सप्तकापलीकडचा भाग मुद्दाम चढा ठेवलेला, आणि आतल्या मंडलात तो तितकाच उतरवण्याची सोय केलेली. आजच्या पुष्कळ स्वस्त माइकांत कॅप्सूलची नक्कल आहे, पण मंडल दुसऱ्याच घराण्यातले. उतरवण्याची सोय गाळलेली. अर्धी नक्कल पुऱ्या चुकीपेक्षा फसवी असते. उपाय दोन: मंडलात ती दुरुस्ती करणे, किंवा के ४७ घडणीची, सरळ स्वभावाची कॅप्सूल बसवणे. मंडल वाचता येत असेल त्याने पहिला उपाय करावा. तो स्वस्त आहे. आम्ही बहुधा दुसरा करतो. घुमणारी खोली मात्र कोणत्याही कॅप्सूलने सुधारत नाही. तिथे आधी गोधड्या टांगाव्यात.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी माइकाची ४८ व्होल्टची फँटम वीज बंद करून, केबल काढून, थोडा वेळ जाऊ द्यावा. व्हॉल्व्हच्या माइकात शंभरावर व्होल्ट असतात व बंद केल्यावरही काही काळ टिकतात. तिथे जाणत्याशिवाय हात घालू नये, ही विनंती नव्हे, ताकीद आहे. मग तारांचे छायाचित्र घ्यावे. के ६७ ला मागची पाटी दोन तुकड्यांची, म्हणून चार टोके. के ४७ ला पाटी एकच, म्हणून तीन. पुढची बाजू कोणती, हे आधी खुणेने नक्की करावे. उलटी बसली तर वक्ता पाठीमागून बोलल्यासारखा ऐकू येतो.

कॅप्सूल नेहमी कडेने धरावी. तबल्याची पुडी आपण थापेने वाजवतो, गट्टे ठोकून चढवतो. इथे पडद्याला बोट लागले की काम संपले. कडेचे बारीक स्क्रू फिरवण्याचा मोह आवरावा. त्यांच्यावरच ताण अवलंबून आहे, आणि तो ताण बसवणाऱ्या कारागिराचे कसब आपल्या पेचकसात नाही. धूळ दिसली तर फुंकर मारू नये. फुंकरीत थुंकीची वाफ असते. दोनचार कण राहिले तर कानाला फरक कळत नाही. सोल्डरचा डाग शक्य तर तारेच्या दुसऱ्या टोकाला, मंडलावर द्यावा, आणि त्या वेळी कॅप्सूल झाकून दूर ठेवावी, कारण राळेचे शिंतोडे उडतात. नंतर मंडलावरची राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. ते अल्कोहोल कॅप्सूलकडे नेऊ नये. दमटपणा वाटल्यास सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात एकदोन दिवस ठेवावे. केस सुकवण्याचे यंत्र घेऊन धावणारे उत्साही लोक असतात, त्यांना दुसरे काम द्यावे.

परीक्षा घेताना तोच माणूस, तेच अंतर, तेच वाक्य, आधी आणि नंतर नोंदवावे. दोन्हींचा मोठेपणा सारखा करून, कोणते कोणते हे न सांगता ऐकवावे. नाहीतर जे मोठे ते चांगले, असा कौल हमखास मिळतो. आमच्याकडे हा कौल आम्ही देत नाही. ज्यांचा आवाज असतो, त्यांच्या घरच्यांनाच विचारतो, ‘हे आजोबा आहेत का?’

काढलेली कॅप्सूल चांगली असेल तर फेकू नये. ती डबीत घालून, वर तारीख व घडण लिहून कपाटात ठेवावी. नव्या पोरांचा हात बसवायला ती उपयोगी पडते.