ईजीआर आणि ट्रकच्या डिझेल इंजिनाचे शीतन

वर्गात हमखास येणारा प्रश्न: ईजीआरमुळे सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान कमी होते, मग रेडिएटरवरचा भार वाढतो कसा?

मूळ कल्पना

हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन अतिउच्च तापमानाला एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. एक्झॉस्ट वायूचा काही भाग पुन्हा आत सोडला की ऑक्सिजनचे प्रमाण घटते. शिवाय त्यातील कार्बन डायऑक्साइड व वाफ जास्त उष्णता सामावून घेतात. त्यामुळे ज्वालेचे कमाल तापमान उतरते.

पण हा वायू तापलेला असतो. तसाच आत घेतला तर विरळपणामुळे ताज्या हवेला जागा उरत नाही. म्हणून तो आधी ईजीआर कूलरमधून नेतात. तेथे त्याची उष्णता इंजिनाच्या कूलंटमध्ये जाते. एरवी सायलेन्सरवाटे बाहेर पडणारी ही उष्णता आता रेडिएटरला टाकावी लागते.

उदाहरण

समजा, २०० किलोवॅटच्या इंजिनात ईजीआर प्रवाह ०.०५ किग्रॅ/सेकंद आहे. वायू ६००° से. वरून १५०° से. पर्यंत थंड होतो. विशिष्ट उष्णता १.१ किलोज्यूल/किग्रॅ-केल्विन धरू.

उष्णता = ०.०५ × १.१ × ४५० = २४.७५ किलोवॅट

कूलंटवर आधीचा भार १०० किलोवॅट असेल, तर तो जवळजवळ पावपटीने वाढला. घाट चढताना भार पूर्ण आणि वेग कमी असतो. समोरून वारा मिळत नाही, सारी भिस्त पंख्यावर. पंख्याचा वेग दुप्पट केला तर त्याला सुमारे आठपट शक्ती लागते, तीही इंजिनाकडूनच.

बिघाडाची लक्षणे

१. काजळी साचणे: कूलरमध्ये उष्णता नीट जात नाही, गरम वायू आत येतो, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात.

२. नळीला तडा: कूलंट कमी होत राहते, पण खाली थेंब दिसत नाही, पांढरा धूर येतो. भाराखाली उलट वायू कूलंटमध्ये शिरतो, टाकीत बुडबुडे दिसतात, इंजिन तापते. अशा वेळी थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर बदलण्याआधी कूलरची दाबचाचणी घ्यावी.

काही ठिकाणी पत्रा लावून ईजीआरचा मार्गच बंद करतात. कूलंटवरचा भार उतरतो हे खरे, पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि वाहन उत्सर्जन मानकात बसत नाही. हा उपाय नव्हे.

स्वाध्याय: वरील उदाहरणात वायू २००° से. पर्यंतच थंड झाला, तर कूलंटवरचा भार किती कमी होईल? त्याची किंमत कुठे मोजावी लागेल?