क्रेडिट बँक आणि पदवीचं चौथं वर्ष: निर्णय घेण्याआधी हा हिशोब समजून घ्या

महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झालं. स्वायत्त कॉलेजांत ते एक वर्ष आधीच आलं होतं. संलग्न कॉलेजांतली ही पहिली बॅच २०२७ मध्ये तीन वर्षं पूर्ण करेल. तेव्हा प्रश्न येईल: इथेच पदवी घ्यायची, की चौथं वर्ष करायचं?

हा निर्णय फक्त आवडीचा नाही. तो दोन गोष्टींवर अवलंबून आहे: तुमच्या क्रेडिटची नोंद, आणि तुमच्या कॉलेजात संशोधनाची सोय. दोन्ही एकेक करून पाहूया.

क्रेडिट म्हणजे नक्की काय?

एका सेमिस्टरमध्ये लेक्चरचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट. प्रॅक्टिकल असेल तर साधारण ३० तासांना १ क्रेडिट. महाराष्ट्रात एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट धरले आहेत. म्हणजे वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांना १२० ते १३२ आणि चार वर्षांना १६० ते १७६.

पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळतो. पण नुसतं वर्ष पास होऊन चालत नाही, ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. यूजीसीच्या आराखड्यानुसार बाहेर पडल्यावर ३ वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण ७ वर्षांत पदवी पूर्ण करायची.

बँक कशी चालते?

हे क्रेडिट जमा होतात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीमध्ये. ती २०२१ मध्ये सुरू झाली आणि डिजिलॉकरला जोडलेली आहे. तुमचा १२ अंकी आयडी हा खाते क्रमांक समजा.

एक फरक मात्र लक्षात घ्या. बँकेत पैसे तुम्ही स्वतः भरता, इथे तसं नाही. इथे क्रेडिट भरण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत संस्थेला आहे. गुणपत्रिका हातात मिळाली म्हणजे क्रेडिट खात्यात गेले, असं समजू नका. आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं नाव वेगळं असेल तर नोंद अडकू शकते. आपल्याकडे आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, यातून असे घोळ सहज होतात.

म्हणून माझा सल्ला: दर निकालानंतर महिन्याभराने डिजिलॉकर उघडून बघा. क्रेडिट दिसत नसतील तर लगेच परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कॉलेज बदलताना कळलं, तर उशीर झालेला असेल.

चौथं वर्ष सगळीकडे मिळेल का?

चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. साध्या 'ऑनर्स'मध्ये जास्तीचे विषय शिकायचे. 'ऑनर्स विथ रिसर्च'मध्ये १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. यूजीसीच्या आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के गुणांची अट आहे. शिवाय विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत.

खरी अडचण इथेच आहे. ज्या कॉलेजात विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतो, तिथल्या मुलाला ८५ टक्के मिळाले तरी हा पर्याय त्याच कॉलेजात मिळणं अवघड आहे.

फायदा मात्र मोठा आहे. चार वर्षांची पदवी असेल तर एम.ए., एम.एस्सी. एका वर्षात होते. ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. नेटमधून जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये.

संशोधनाचा पैसा कुठून येतो?

२००८ च्या कायद्याने बनलेलं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ आता नाही. त्याच्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. त्याचा कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचं उद्दिष्ट आहे. यातले १४,००० कोटी केंद्र सरकारचे, बाकीचे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत.

हा पैसा विद्यापीठांना समान वाटला जात नाही, त्यासाठी प्रस्ताव पाठवून स्पर्धा करावी लागते. राज्य विद्यापीठं मागे पडू नयेत म्हणून 'पेअर' नावाची योजना आहे. यात एक अग्रगण्य संस्था केंद्रस्थानी असते आणि काही विद्यापीठं तिच्याशी जोडली जातात. पण तालुक्याचं संलग्न कॉलेज या साखळीत थेट बसत नाही. तिथल्या प्रयोगशाळेला लगेच नवं उपकरण मिळेल, असं गृहीत धरू नका.

आता काय कराल?

दुसऱ्या वर्षात असतानाच विभागप्रमुखांना विचारा: आपल्याकडे चौथं वर्ष मंजूर आहे का, आणि असेल तर साधं की रिसर्चचं? मार्गदर्शक किती आहेत? उत्तर नाही असेल तर विद्यापीठाच्या मुख्य विभागात किंवा दुसऱ्या कॉलेजात जागा शोधायला तुमच्याकडे वर्षभर वेळ असेल. क्रेडिट खात्यात नीट जमा असतील, तर ते तुमच्याबरोबर तिकडे येतील. प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक मात्र जिथे आहेत, तिथे तुम्हालाच जावं लागेल.