भाकरीला भाकरी, डाळीला डाळ



नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत बचत गटांच्या बैठकी घेताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : "काल रात्री तुम्ही काय जेवलात?" बऱ्याच जणी आधी घरच्यांचं सांगतात. लेकरांना वरण-भात वाढला, मालकांना भाकरी, भाजी, आमटी वाढली. मग "आणि तुम्ही?" असं विचारलं की उत्तर येतं, "कोरड्यास संपलं होतं. मग एक भाकरी जास्तीची खाल्ली, ठेच्यासंगं."

पोट भरलं का? भरलं. पण या एका वाक्यात एक अदलाबदल झालेली आहे. डाळीच्या जागी भाकरी आली. ही अदलाबदल चालते का, कोणत्या पदार्थाच्या जागी कोणता घेतला तर चालतो आणि कोणता चालत नाही, हेच आज समजून घेऊ या.

आहारशास्त्रात यासाठी अदलाबदलीच्या याद्या असतात. 1950 साली अमेरिकेत साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या रोग्यांसाठी त्या पहिल्यांदा तयार झाल्या. रोज तेच ते खाऊन माणूस कंटाळतो आणि पथ्य मोडतो. म्हणून एकसारख्या पदार्थांची एकेक यादी केली. यादीतला कोणताही पदार्थ ठरलेल्या मापात घ्यावा, अंगाला मिळणारं बळ जवळपास तेवढंच राहतं. आपल्या शेजारच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आपल्या देशातल्या जेवणासाठी अशी मापं दिली आहेत. आज सांगतो ती मापं त्यांचीच आहेत.

बैठकीत आम्ही या यादीला 'भावकी' म्हणतो आणि एका मापाला 'वाटा'. भावकीतला एक भाऊ कामाला आला नाही तर दुसरा उभा राहतो. पण एका भावकीचं काम दुसऱ्या भावकीनं करून भागत नाही. ताटातल्या भावक्या सहा आहेत.

पहिली भावकी धान्याची. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, पोहे, रवा हे सगळे तिच्यात येतात. कच्चं 30 ग्रॅम धान्य म्हणजे एक वाटा. मध्यम भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीत दोन वाटे. 30 ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे एक वाटा. म्हणून भात खायचा असेल तर अर्धी भाकरी कमी करायची.

दुसरी भावकी डाळी-कडधान्यांची. तूर, मूग, उडीद, मसूर, हरभरा, मटकी, चवळी, हुलगे आणि सोयाबीन. इथंही कच्चे 30 ग्रॅम म्हणजे एक वाटा. शिजल्यावर त्याचं वाटीभर घट्ट वरण होतं. ज्या घरी चालतं तिथं अंडं, चिकन, मासे यांनाही याच भावकीत धरायचं. एक अंडं म्हणजे एक वाटा.

तिसरी दुधाची. 100 मिली दूध किंवा तेवढंच दही म्हणजे एक वाटा. चौथी भाजीची. पालेभाजी किंवा फळभाजी, 100 ग्रॅमचा एक वाटा. पाचवी फळांची. पेरू, पपई, बोरं, सीताफळ, अर्धापूरकडची केळी, यांचाही 100 ग्रॅमचा वाटा. सहावी तेलाची. एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅम तेल हा एक वाटा. साधारण 10 ग्रॅम शेंगदाण्यांत तेवढंच तेल असतं, म्हणून शेंगदाण्याची चटणी या भावकीत धरतो.

बटाटा आणि रताळं नावाला भाजी असली तरी गुणानं धान्याच्या जवळची आहेत. बटाट्याची भाजी आणि भाकरी खाल्ली म्हणजे भाकरीसोबत भाकरीच खाल्ली, असं धरून चाला. त्या दिवशी ताटात आणखी एखादी पालेभाजी हवीच.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. डाळीच्या जागी भाकरी का चालत नाही?

धान्याच्या एका वाट्यातून आणि डाळीच्या एका वाट्यातून ताकद सारखीच मिळते, साधारण 100 उष्मांक. म्हणून पोटाला फरक कळत नाही. फरक प्रथिनांत आहे. अंगाची झीज भरून काढणारं, लेकराचं अंग वाढवणारं, बाळंतिणीला उभं करणारं सत्त्व म्हणजे प्रथिन. धान्याच्या वाट्यात ते 3 ग्रॅमच्या आसपास असतं. डाळीच्या वाट्यात 6 ते 7 ग्रॅम, म्हणजे दुपटीनं. शिवाय धान्याच्या प्रथिनात जे कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते धान्यात असतं. वरण-भाकरी, मुगाची खिचडी, पिठलं-भाकरी या जोड्या आपल्या आज्यांनी लावल्या, त्या अंगाला पुरेपूर लागतात त्या याचमुळे.

ज्या घरात कोरड्यास रोज आधी संपतं, त्या घरातल्या बाईच्या ताटात ही चुकीची अदलाबदल रोज होते. आणि ती कायम एकाच बाजूनं होते. भाकरी संपली म्हणून कुणी दोन वाट्या वरण जास्त खाल्लं, असं कधी ऐकलंय का? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 बायांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी होण्याची कारणं अनेक असतात. पण डाळ नाही, पालेभाजी नाही, फळ नाही, असं ताट वर्षानुवर्षं समोर येत असेल तर रक्त भरून कशातून निघणार?

मग दिवसाला वाटे किती हवेत? शेतातलं आणि घरातलं मध्यम काम करणाऱ्या बाईसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2011 च्या पुस्तिकेत धान्याचे 11 वाटे, डाळीचे अडीच, दुधाचे 3, पालेभाजीचा 1, इतर भाज्यांचे 2, फळाचा 1 आणि तेलाचे 5 वाटे सांगितले आहेत. कंदमुळं वेगळी. 2024 च्या नव्या सूचनांत डाळी, अंडी, मांस मिळून दिवसाला 85 ग्रॅम आणि भाज्या 400 ग्रॅम घ्यायला सांगितल्या आहेत. म्हणजे डाळीचे अडीच-तीन वाटे आणि भाजीचे चार वाटे मनात धरून चालू या.

हे आपल्या जेवणात बसवून पाहू. सकाळी एक भाकरी, दह्यासोबत : धान्याचे 2. वर मूठभर फुटाणे : डाळीचा अर्धा. दुपारी शेतात दोन भाकरी, मटकीची उसळ, तांदुळज्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा : धान्याचे 4, डाळीचा 1, पालेभाजीचा 1. रात्री दोन भाकरी, थोडा भात, घट्ट वरण, वांग्याची किंवा दोडक्याची भाजी, एक पेरू : धान्याचे 5, डाळीचा 1, भाजीचे 2, फळाचा 1. दही, ताक आणि चहातलं दूध मिळून दुधाचे वाटे भरायचे. या ताटात एकही परका पदार्थ नाही. सगळं आपल्या रानातलं आणि आठवडी बाजारातलं आहे.

आता भावकीतल्या भावकीत बदल करा. तूर महागली? मग मूग, मटकी, हरभऱ्याची डाळ, हुलगे घ्या. पिठलं केलं तरी बेसनाचे 30 ग्रॅम म्हणजे डाळीचा वाटाच. उन्हाळ्यात हिरवी भाजी मिळत नसेल तर हिवाळ्यात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला काढा. पावसाळ्यात घोळ, पाथरी, तांदुळजा बांधावर फुकट मिळतात. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या तर आपल्याकडं कुणाला सांगायला नकोत. ज्वारी घेताना 'परभणी शक्ती' वाण मिळालं तर पाहा. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून 2018 साली आलेल्या या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे.

रेशनवर गहू आणि तांदूळ मिळतात. मोठा आधार आहे. पण दोन्ही एकाच भावकीचे आहेत. रेशनमुळं धान्याचा खर्च वाचला तर त्यातले थोडे पैसे डाळीकडं वळवावेत, असं आम्ही गटात सांगतो. उपासाच्या दिवशीही भावकी विसरू नका. साबुदाण्यात प्रथिन जवळपास नसतंच. त्याच्याऐवजी राजगिरा किंवा भगर घ्या आणि सोबत शेंगदाण्याची आमटी, दही घ्या.

आता सोयाबीनचं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शिवारंच्या शिवारं सोयाबीनची असतात. पोती भरून माल लातूरच्या आडतीवर जातो आणि घरात मात्र दाणा शिजत नाही. 30 ग्रॅम सोयाबीनमध्ये 11 ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं, तुरीपेक्षाही जास्त. वापरायची रीत सोपी आहे. सोयाबीन निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात 30 मिनिटं उकळायचं, उन्हात कडक वाळवायचं आणि 9 किलो गव्हात किंवा ज्वारीत 1 किलो मिसळून दळून आणायचं. कच्चं सोयाबीन पचत नाही, म्हणून उकळणं टाळू नका. आणि पेरणीतून उरलेलं, औषध चोळलेलं बियाणं चुकूनही खाण्यात घेऊ नका. ते धुतलं तरी विषारीच राहतं.

हिशेब करा. अशा पिठाच्या पाच भाकऱ्यांत 30 ग्रॅम सोयाबीन जातं. म्हणजे डाळीचा एक पूर्ण वाटा भाकरीतच आला. आमटी संपू शकते. भाकरीतला हा वाटा मात्र शेवटी जेवणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतोच.

तरीही आमटी सगळ्यांना पुरली पाहिजे. त्यासाठी भांड्यात डाळ टाकतानाच माणसं मोजा. सहा माणसांसाठी एका वेळेला 180 ग्रॅम डाळ लागते. पाहुणा आला की आपण आमटीत तांब्याभर पाणी ओततो. त्यानं वाट्या वाढतात, वाटे वाढत नाहीत. पाण्याऐवजी चिमूटभर मीठ घालून भिजवलेली मटकी परता, नाही तर पटकन पिठलं लावा. आणि वाढायला बसण्याआधी आपली वाटी भरून बाजूला झाकून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. सासूबाईंची आणि मोठ्या लेकीची वाटीही तशीच काढा.

वेळ अमावस्येचं जेवण आठवा. भज्जीत हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे ओले दाणे, भाज्या आणि बेसन. सोबत बाजरीचे उंडे. ज्वारी आणि ताकाची आंबील. धान्य, डाळ, भाजी, दूध, सगळ्या भावक्या एका पंगतीला. त्या दिवशी रानात बायाही पोटभर भज्जी खातात. वर्षातून एकदा जमतं ते रोज थोडं थोडं जमवायचं आहे.

दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. पालेभाजी आणि डाळीतलं लोह अंगी लागायला जेवणात लिंबू पिळा, नाही तर पेरू, आवळा खा. जेवणाबरोबर आणि जेवल्याबरोबर चहा नको, तासभर जाऊ द्या. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या जेवणानं भागत नाही. आशाताईंकडून तपासणीचं विचारा आणि लोहाच्या गोळ्या सांगितल्या असतील तर पूर्ण घ्या. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी वाट्यांचा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. गटातल्या एकीनं किराणा दुकानातल्या काट्यावर 30 ग्रॅम डाळ आणि 30 ग्रॅम पीठ तोलून आणावं. ते घरातल्या वाटीत ओतून कुठवर येतं तिथं खूण करावी. तीच तुमच्या गटाची मापाची वाटी. मग प्रत्येकीनं आदल्या दिवशी स्वतः खाल्लेलं सांगावं, घरच्यांनी खाल्लेलं नाही. वहीत सहा रकाने आखून खुणा करा. जो रकाना रिकामा राहील, त्या भावकीतलं आपल्या गावात आज काय स्वस्त मिळतं, ते सगळ्या मिळून ठरवा. महिनाभरानं तीच वही पुन्हा उघडा आणि डाळीच्या रकान्यात किती खुणा वाढल्या ते मोजा.

बचतीच्या वहीत आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. ताटातल्या वाट्यांचाही ठेवू या.