सोलापुरांत बिऱ्हाड करावें कीं न करावें?

पुण्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका सोलापूरकर गृहस्थांनीं आम्हांस पत्र पाठवून असा प्रश्न केला आहे कीं, आईवडील गांवीं एकटे आहेत, मूल पुढील वर्षीं शाळेंत जाईल, आणि पुण्यांतील घरभाडें दरसाल वाढतच आहे. तेव्हां सोलापुरास परत यावें काय, व यावयाचें ठरल्यास शहराच्या कोणत्या भागांत घर करावें? पत्रासोबत त्यांनीं जमीनविक्रीच्या एका जाहिरातीचा रंगीत कागद धाडला आहे. त्यांत कमान आहे, बाग आहे, कारंजें आहे. पाण्याचा उल्लेख मात्र त्या कारंज्यापुरताच आहे. प्रश्न एकट्या या गृहस्थांचा असता तर आम्ही खासगी उत्तर देऊन मोकळे झालों असतों. परंतु हाच विचार आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं चालू आहे, आणि त्यांस मिळणारा सल्ला बहुधा कोणाच्या तरी स्वार्थाचा किंवा कोणाच्या तरी अभिमानाचा असतो. सबब उत्तर येथें उघडपणें देत आहों.

प्रथम अभिमानाविषयीं. १९३० च्या मे महिन्यांत ज्या शहरावर इंग्रज सरकारास लष्करी कायदा पुकारावा लागला, आणि ज्याचे चार पुत्र १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फासावर गेले, त्या शहराच्या नांवानें कोणाचीहि मान ताठ व्हावी. परंतु हुतात्म्यांच्या पुण्याईवर नळास पाणी येत नाहीं. जो मनुष्य मुलाबाळांसह येऊन राहणार, त्यास आजचें शहर जसें आहे तसें दाखविणें हेंच त्या शहरावरील खरें प्रेम होय.

आजचें सोलापूर हें गिरण्यांच्या मागें उरलेलें शहर आहे. रेल्वे येथें १८६० सालीं आली, आणि १८७७ च्या सुमारास पहिली कापडगिरणी, जिला आपण अद्यापि ‘जुनी मिल’ म्हणतों, ती सुरू झाली. तिच्या पाठोपाठ नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या उभ्या राहिल्या. जुनी मिल १९४९ सालीं बंद पडली. पुढील जानेवारींत मध्यवर्ती सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हातीं घेतला, आणि भागधारकांचा तंटा नवजात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याच्या विद्यार्थ्यांस तो खटला अजून वाचावा लागतो; गिरणीच्या कामगारांस मात्र त्यांतून कायमची भाकर लाभली नाहीं, कारण पुढील कांहीं वर्षांतच ती गिरणी अखेरची मिटली. लक्ष्मी-विष्णूचे भोंगेहि शतक संपण्यापूर्वीं थांबले. मागें राहिले ते पूर्व भागांतील यंत्रमाग, चादर व टॉवेल यांचा धंदा, तयार कपड्यांचे कारखाने, आणि हजारों घरांच्या उंबऱ्यांवर सुपांत तंबाखू घेऊन बसलेल्या विडी वळणाऱ्या बायका.

याचा परिणाम खानेसुमारींत स्पष्ट दिसतो. २००१ सालीं शहराची वस्ती सुमारें ८ लक्ष ७३ हजार होती, ती २०११ मध्यें ९ लक्ष ५१ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत शेंकडा ९ ची वाढ. त्याच दशकांत पुणें शहर २५ लक्ष ३८ हजारांवरून ३१ लक्ष २४ हजारांवर, म्हणजे शेंकडा २३ नें वाढलें. सोलापुरांत जीं मुलें जन्मलीं तेवढींच जरी येथें राहिलीं असतीं, तरी आंकडा याहून मोठा भरला असता. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत गाडी धावूं लागली. त्याच वर्षीं १५ जून रोजीं विमानांच्या मार्गांत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडण्यांत आली. ह्या सोयी चांगल्याच आहेत; पण गाडी जशी इकडे येते तशी इकडून जातेहि. आणि ज्या व्यासपीठावरून ‘तरुणांनो, सोलापूर सोडूं नका’ असें सांगण्यांत येतें, त्यावरील वक्त्यांचीं स्वतःचीं मुलें कोठें आहेत हें विचारूं नये, अशी आपल्यांत एक शिष्टाचाराची रीत पडली आहे.

आतां पत्रलेखकांकडे वळूं. त्यांच्या पत्रांत आईवडिलांचा उल्लेख तीन वेळां आहे, मुलाचा दोन वेळां. पत्नीचा एकदांहि नाहीं. त्या कांहीं कमावतात काय, कमावीत असल्यास तें काम त्यांस येथें मिळेल काय, आणि मुख्य म्हणजे त्यांस हा विचार पटला आहे काय, हें आम्हांस कळावयास मार्ग नाहीं. व आम्हांस अशी शंका येते कीं पत्रलेखकांनींहि तें विचारलेलें नाहीं. हा प्रश्न आम्ही स्त्रियांच्या हक्कांवर व्याख्यान देण्याकरितां काढीत नाहीं. सोलापुरांतील घराचा प्रश्न हा पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाण्याची वाट कोणीं पाहावयाची हें आपल्या घरांत न बोलतां ठरलेलें असतें, म्हणून काढीत आहों.

पाण्याची हकीकत अशी आहे. शहराच्या उत्तरेस हिप्परग्याजवळ एकरुखचा तलाव १८७१ सालीं झाला, व पुढें पुष्कळ वर्षें त्यानें शहरास हात दिला. मोठ्या वस्तीस तें पाणी पुरेना, तेव्हां भीमेवरील उजनी धरणाकडे दृष्टि लागली. तें धरण १९८० सालीं पुरें झालें. तेथपर्यंतचें अंतर सुमारें शंभर किलोमीटर. इतक्या लांबून पाणी उपसून आणावयाचें म्हणजे वीज गेली, जलवाहिनी फुटली, कीं सारें शहर कोरडें. दुसऱ्या समांतर जलवाहिनीचें काम वर्षानुवर्षें रेंगाळलें. धरण भरून वाहत असतांहि शहरांतील नळास तीन-चार दिवसांआड, कधीं त्याहूनहि उशिरां पाणी, अशी स्थिति नागरिकांनीं वर्षेंच्या वर्षें सोसली. पाण्याची पाळी पहाटे आली तर पहाटे, भर दुपारीं आली तर दुपारीं, घरांत कोणी तरी असलेंच पाहिजे. तो ‘कोणी तरी’ पुरुष असल्याचें आम्हीं क्वचितच पाहिलें आहे. ज्या स्त्रीस दहा वाजतां शाळेंत किंवा कचेरींत हजर व्हावयाचें आहे तिनें काय करावें? पुष्कळींनीं नोकरी सोडली, हेंच त्याचें उत्तर आहे. पुण्याचें भाडें वांचलें असें ज्यास वाटतें, त्यानें एका पगाराची वजाबाकी करून मग पुनः हिशेब मांडावा.

तेव्हां येथें कोणीं यावें? ज्याचें काम बरोबर आणतां येतें, किंवा ज्याची जागा येथें आधींच पक्की आहे, अशा मनुष्यानें अवश्य यावें. शिक्षक, वैद्य, हिशेबनीस, चांगला कारागीर, चादरीच्या किंवा कपड्याच्या धंद्यांत नवी बाजारपेठ शोधण्याची धमक असलेला तरुण, यांचें येथें अडत नाहीं. परंतु ‘एकदां येऊं, मग कांहीं तरी पाहूं’ असें म्हणणाऱ्यास आम्ही हात जोडून सांगतों कीं, पाहण्याचें काम पुण्यांत राहूनच करावें.

कोठें राहावें, यासंबंधीं जाहिरातीच्या त्या रंगीत कागदाविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें भाग आहे. १९९२ सालीं शहराची हद्द वाढली आणि भोंवतालचीं खेडीं शहरांत आलीं. तेव्हांपासून शेताचे तुकडे पाडून विकण्याचा धंदा येथें सुताच्या धंद्याहून अधिक भरभराटीस आला आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सात-बाऱ्यावर दहा-वीस अनोळखी माणसांचीं नांवें एकत्र चढतात. कोणाचा तुकडा कोणता, हें विकणाऱ्याच्या चुन्याच्या रेघांवरून समजावयाचें. बिनशेती परवाना नाहीं, मंजूर रेखांकन नाहीं, सबब बांधकामाची परवानगी नाहीं. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा अशा विक्रीस आळा घालण्याकरितांच होता. तो धाब्यावर बसविला गेला म्हणून २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, आणि २०२१ सालीं दुरुस्ती करून त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांस वाढविण्यांत आली. विकणारे यावरून असा अर्थ काढतात कीं, मुदत आणखी वाढेल. ती वाढेल किंवा न वाढेल. पण नियमित करण्याचा आकार घेणाऱ्यासच भरावा लागतो, विकणारा तोपर्यंत दुसऱ्या शेताच्या बांधावर उभा असतो. हे विकणारे आपल्याच पेठांतील प्रतिष्ठित व्यापारी आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं आमचे वर्गणीदार आहेत, हें आम्ही जाणूनच लिहितों.

कोणी म्हणेल कीं, विडी कामगारांनीं नाहीं का शहराबाहेर घरें केलीं? केलीं, कुंभारीस २००६ सालीं दहा हजार घरें झालीं, आणि तेथेंच रे नगरांत १९ जानेवारी २०२४ रोजीं आणखी पंधरा हजार घरांचें वाटप झालें. परंतु त्या बायका एकेकट्या गेल्या नाहींत. त्यांची संघटना होती, वर्षानुवर्षांची चळवळ होती, आणि पाणी किंवा मोटार आली नाहीं तर हजारोंनीं रस्त्यावर बसण्याची त्यांची तयारी होती. आमचा सुशिक्षित गृहस्थ मात्र एका गुंठ्याचें खरेदीखत खिशांत घालून, काळ्या मातीच्या माळावर एकटाच जातो, आणि पहिल्या पावसांत रस्ता कोठें होता हें शोधीत बसतो.

यास्तव आमचें मत असें कीं, पहिलें वर्ष कांहींएक विकत घेऊं नये. कामाची जागा अक्कलकोट रस्त्याकडे असेल तर पूर्व भागांत, केगांवच्या विद्यापीठाकडे असेल तर बाळ्याच्या बाजूस, एरवीं मुरारजी पेठ, रेल्वे लाइन्स, सात रस्ता या जुन्या वस्तींत, किंवा जुळे सोलापुरांतील भरलेल्या भागांत भाड्यानें राहावें. घर ठरविण्यापूर्वीं पाण्याच्या पाळीच्या दिवशीं जाऊन उभें राहावें, आणि घरमालकास न विचारतां शेजारच्या बाईस विचारावें.

यावर पत्रलेखक म्हणतील कीं जुन्या पेठांत घर मिळत नाहीं, आणि त्यांचें म्हणणें खरें आहे. घरें आहेत, त्यांस कुलुपें आहेत. चुलत भावांचे वाटणीचे दावे चालू आहेत, आणि ज्यांचे दावे नाहींत त्यांस अशी धास्ती आहे कीं एकदां शिरलेला भाडेकरू जन्मांत निघणार नाहीं. ही धास्ती आजोबांच्या काळांत खरी होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें परवानगीचा लेखी करार नोंदविण्याचें बंधन घातलें असून, मुदत संपल्यावर जागा सोडवून घेण्यास सक्षम अधिकाऱ्याकडे स्वतंत्र मार्ग ठेवला आहे. अकरा महिन्यांचा करार करून नोंदविण्यास फारसा खर्च नाहीं. तेवढें न करतां वाड्याच्या तुळया वाळवीस देणें, आणि त्याच वेळीं शहराबाहेर गुंठे विकत घेऊन तेहि मोकळे टाकणें, हा व्यवहार आमच्या व्यापारी बंधूंच्या वहींत कोणत्या खातीं पडतो तें त्यांनीं पाहावें. आपल्या मोकळ्या तुकड्यांना वळसा घालून पलीकडच्या चार घरांस नळ नेण्याचा खर्च साऱ्या शहरास पडतो.

पत्रलेखक येत्या दिवाळींत चार दिवस सोलापुरास येणार आहेत. या खेपेस त्यांनीं पत्नीसह यावें असें आम्हीं त्यांस कळविलें आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या पेठेंतील घरास कुलूप असेल व ज्यांची लेखी करार करून तें भाड्यानें देण्याची तयारी असेल, त्यांनीं तत्पूर्वीं आमच्या कचेरींत नांव व नळाची वेळ कळवावी.