पोट, वाट आणि ओळख

माणूस आपला मुलूख का सोडतो, असं कुणालाही विचारा. उत्तर एका शब्दात येतं : पोटासाठी. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. पोट सगळ्यांनाच असतं. दुष्काळ पडतो तो साऱ्या गावावर पडतो. तरी गावातली काही घरं परराज्यात जातात आणि बाकीची तिथंच तग धरून राहतात. जाणारेही सर्वांत जवळच्या किंवा सर्वांत श्रीमंत शहरात जातात असं नाही. कुणी हजार मैल ओलांडून नेमक्या एका गावातल्या नेमक्या एका गल्लीत उतरतो. हे कसं घडतं, ते आज आपण पाहू.

आधी थोडे आकडे. २०११ च्या जनगणनेत पूर्वीचं राहतं ठिकाण सोडून आलेल्या माणसांची संख्या सुमारे ४५ कोटी भरली. त्यांतले बहुतेक आपल्याच राज्यात, पुष्कळदा आपल्याच जिल्ह्यात सरकलेले होते. राज्याची हद्द ओलांडलेले सुमारे ५.४ कोटी, म्हणजे साधारण आठांत एक. आणि एकूण स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण कोणतं निघालं? नोकरी नव्हे, लग्न. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोचकं घेतलेला पुरुष येतो; पण ह्या देशात घर बदलण्याची सर्वांत जास्त सवय असते ती बाईला.

लग्नाच्या ह्या वाटेवरही सगळंच मंगल नसतं. हरियाणात २०११ साली दर हजार पुरुषांमागे ८७९ स्त्रिया होत्या. मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, मग सुना कुठून मिळणार? तिथल्या खेड्यांत बंगाल, बिहार, ओडिशा, आसाम इथून मुली आणल्या जाऊ लागल्या. गावात त्यांना 'मोलकी' म्हणतात, म्हणजे मोल देऊन आणलेली. तिची भाषा सासरी कुणाला येत नाही आणि सासरची तिला येत नाही. एका राज्यानं केलेल्या पापाचं ओझं दुसऱ्या राज्यातली गरीब पोर वाहते, तेही एक स्थलांतरच.

आता कामाकडे येऊ. बिहारच्या माणसाला मुंबई का गाठावी लागते? झारखंड वेगळं होण्यापूर्वी कोळसा आणि लोखंड त्याच्याच राज्याच्या पोटात होतं. १९५० च्या दशकात केंद्र सरकारनं पोलाद, कोळसा अशा मालाच्या भाड्याचं समानीकरण केलं. म्हणजे कारखाना खाणीजवळ असो की हजार मैलांवर, कच्चा माल जवळपास त्याच भावानं मिळे. उद्योग साऱ्या देशात पसरावेत हा हेतू चांगला होता. पण खाणीशेजारी कारखाना काढण्याचा फायदाच त्यामुळे उरला नाही. कारखाने बंदरांजवळ आणि मोठ्या बाजारपेठांजवळ वाढले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे धोरण संपलं, तोवर दोन पिढ्या गाडीत बसलेल्या होत्या. वाट अर्थात त्याहून जुनी. कलकत्त्याला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईवर भिखारी ठाकूर यांनी भोजपुरीत 'बिदेसिया' हे नाटक रचलं, ते ह्या धोरणाच्या कितीतरी आधी. धोरणानं ती वाट रुंद केली, इतकंच.

पोट माणसाला घराबाहेर काढतं. पण पाऊल कुठं पडायचं, ते ठरवतात तीन गोष्टी : ओळख, हुन्नर आणि उचल.

ओळखीचं उदाहरण माझ्या घरचंच आहे. मी मराठीत कविता लिहितो म्हणून लोक कौतुकानं विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, मालेगावचा, आणि त्याआधीचा आझमगढच्या बाजूचा. १८५७ च्या उठावानंतर तिकडची अनेक मोमीन विणकर घराणी दक्षिणेला निघाली. एकीकडे इंग्रजांचा जाच, दुसरीकडे गिरणीच्या स्वस्त कापडानं मोडलेला हातमाग. आग्रा रोडनं ती मोसम नदीकाठी मालेगावात आली. एकानं माग मांडला, की त्याचा मेहुणा येई, मग मेहुण्याचा चुलतभाऊ. इथं ते काय विणत होते? इथल्या शेतकरी बायांची लुगडी. काठ केवढा हवा, रंग कोणता चालतो, हे मराठीतच विचारावं लागे. आमच्या घरात मराठी शिरली ती ह्या गिऱ्हाइकाच्या बोटाला धरून. आजीच्या बोलीत मात्र पूरबी शब्द शेवटपर्यंत होते.

हुन्नराचं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. खानापूर, आटपाडी, तासगाव हा पावसाच्या भरवशावर न जगता येणारा भाग. तिथं सोन्याची खाण नाही, पण सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं कसब तिथल्या माणसांनी मिळवलं आणि ती देशभर पांगली. केरळ असो, तामिळनाडू असो की दिल्ली, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात भट्टीपुढे बसलेला गलाईवाला विट्याकडचा मराठी माणूस निघतो. गावचा पोरगा आधी गाववाल्याच्याच दुकानात राहून काम शिकतो, मग पुढच्या शहरात आपली भट्टी लावतो. त्याची मुलं तमिळ नाहीतर मल्याळम बोलत वाढतात. तिथं परका असतो तो आपला माणूस, हे इथल्या परक्याकडे पाहताना आठवलेलं बरं.

तिसरी गोष्ट उचल. बीडकडचा ऊसतोड मजूर पावसाळ्यात मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतो. घरातलं लग्न, आजारपण किंवा मागची फेड त्यात निघते. दिवाळीच्या सुमारास मुकादम सांगेल त्या कारखान्यावर, कधी पश्चिम महाराष्ट्रात तर कधी थेट कर्नाटकात, नवरा-बायकोची जोडी एक 'कोयता' म्हणून रवाना होते. इथं वाट माणूस निवडत नाही, कर्ज निवडतं.

आणि काहींना तर निवडायला काहीच नसतं. सरदार सरोवराच्या पाण्यानं मध्य प्रदेशातल्या कितीतरी कुटुंबांना गुजरातेत वसायला लावलं. १९९० साली भीतीनं काश्मीर खोरं सोडलेल्या पंडितांच्या मुलांसाठी महाराष्ट्रानं आपल्या महाविद्यालयांत जागा राखून ठेवल्या. ती गोष्ट आपण अभिमानानं सांगावी अशी आहे.

देशात कुठंही फिरण्याचा आणि कुठंही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानं आपल्याला दिला आहे. पण हद्द ओलांडताना माणसाच्या खिशातून बाकीचे हक्क गळत जातात. मतदार यादीतलं नाव गावी राहतं, मुलाची शाळा सुटते. शिधापत्रिका परराज्यात चालावी ही सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२२ मध्ये सर्व राज्यांत पोचली. तोवर बाहेर गेलेल्याचं धान्य गावच्या दुकानातच अडकून पडे. कंत्राटदारानं परराज्यातून आणलेल्या मजुरांची नोंद ठेवावी, त्यांना प्रवासभत्ता द्यावा, असा कायदा १९७९ साली झाला होता. तो किती पाळला गेला, ते २०२० च्या टाळेबंदीत उघडं पडलं. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून रुळांच्या कडेनं निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपी गेले आणि मालगाडीखाली सापडले. त्यांच्याजवळच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं संसदेत सांगितलं, की घरी परतताना दगावलेल्या मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही.

ज्यांनी आपल्या इमारती उभ्या केल्या, ऊस तोडला, कापड विणलं, त्यांच्या मरणाचीही मोजदाद नसावी? ज्याची ओळख पक्की असते, तो परमुलखातही रुजतो. आमच्या पणजोबांना मालेगावात आधीच येऊन बसलेला नातलग भेटला, म्हणून आम्ही इथले झालो. ज्याचं असं कुणीच नसतं, त्याच्यासाठी ती ओळख सरकारी नोंदीनं आणि शेजाऱ्याच्या चार शब्दांनीच तयार व्हावी लागते. आपल्या गल्लीत काम करणाऱ्या परक्या माणसाला त्याचं नाव, त्याचं गाव आणि तो कुणाच्या भरवशावर इथं आला, एवढं तरी आपण विचारू या. विचारायला पैसे पडत नाहीत.