भूकंप वाढलेत की मोजणारे?

त्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. उद्या गुढीपाडवा, त्यामुळे निम्मा वर्ग मनाने घरीच पोचलेला. पण आदल्या दिवशी, २८ मार्च २०२५ ला, म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला होता आणि कोसळणाऱ्या इमारती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या. हजेरी संपते न संपते तोच चौथीतला एकजण उभा राहिला. "बाई, आता भूकंप जास्ती होतत काय? आमचो आजो सांगता, पूर्वी असां नाय होतां."

मित्रांनो, तुम्हालाही असंच वाटतं ना? खरं सांगू, मलाही वाटायचं. म्हणून मग आकडे शोधले.

भूकंपाची नोंद भूकंपमापक यंत्र करतं. १९३१ साली साऱ्या जगात अशी केंद्रं साडेतीनशेच्या आसपास होती. आज ती हजारोंनी आहेत. आपल्या तळेरे तिठ्यावर एकच माणूस गाड्या मोजायला बसवला, तर त्याला विजयदुर्गाची एसटी दिसेल, पण कासार्ड्यातच वळलेली रिक्षा कशी दिसणार? प्रत्येक वळणावर माणूस बसवा, आकडा फुगेलच! लहान भूकंपांचं तसंच झालंय.

मोठा भूकंप मात्र पूर्वीही लपत नसे. ७ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधरा-सोळा होत आलेत. १९८९ साली ते सहा-सातच झाले, २०१० साली वीसच्या वर गेले आणि २०१७ साली पुन्हा सातावर आले. ९ च्या पुढचे तर बघा. कामचात्का १९५२, चिली १९६०, अलास्का १९६४. बारा वर्षांत तीन! नंतर चाळीस वर्षं एकही नाही. मग २००४ साली सुमात्रा, ज्याने त्सुनामी आणली, आणि २०११ साली जपान.

असं का? आम्ही वर्गात सापशिडीचा फासा साठ वेळा टाकला. लागोपाठ तीनदा सहा पडले, मग कितीतरी वेळ सहाचं नाव नाही. फासा चांगलाच होता. तुम्हीही करून पाहा. जमिनीखालचे प्रचंड खडकांचे तुकडे साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाने सरकतात, आणि तो वेग काही आज्याच्या लहानपणापासून वाढलेला नाही.

पण आज्याचंही अगदीच खोटं नाही बरं का. सुट्टीनंतर तो मुलगा सांगत आला, आजोबांना कोयनेचा भूकंप आठवला. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. फडताळातली भांडी खणखणली आणि सगळे अंगणात धावले. कोयनेला धरण बांधून पाणी साठवलं, आणि त्यानंतर त्या भागात हादरे खरोखरच वाढले. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत मुरलेलं पाणी, यामुळे आधीच ताणलेले खडक सरकले, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे जगात वाढ नाही, कोयनेत झाली. आजही तिथे अधूनमधून हादरे बसतात.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. तीव्रता होती ६.२ च्या आसपास. एवढ्या ताकदीचे भूकंप जगात दर दोन-तीन दिवसांनी कुठे ना कुठे होतात; बरेचसे समुद्राखाली किंवा निर्जन जागी, म्हणून आपल्याला कळतही नाहीत. किल्लारीत माणसांना मारलं ते घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर. भिंती फुटल्या आणि सगळा भार झोपलेल्यांवर आला. म्हणूनच नंतर बांधलेल्या घरांत भिंतींना चारी बाजूंनी आवळून धरणारे सिमेंट-लोखंडाचे पट्टे घालायला सांगितलं गेलं.

फळ्यावर मी तसा पट्टा काढून दाखवला. आमच्याकडे बहुतेकांची घरं चिऱ्याची. वर्ग एकदम गप्प झाला.

"बाई," तोच मुलगा म्हणाला, "आमच्या घराक पट्टो आसा काय, ता खंय बघूचा?"

दारं-खिडक्यांच्या वर, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्गातले अकराजण घरी विचारून आले होते.