पाणपिसूचा प्रवास

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. अशा एखाद्या जलाशयातील पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हाकडे धरावे. पुष्कळदा त्यात टाचणीच्या माथ्याहून लहान असे पांढुरके ठिपके झटके देत वरखाली होताना दिसतात. त्यांपैकी काही पाणपिसवा असतात. नावात पिसू असली तरी जनावरांच्या अंगावरील पिसवांशी त्यांचे नाते नाही. खेकडा व झिंगा ज्या कवचधारी वर्गात मोडतात, त्याच वर्गातील हे चिमुकले जीव होत.

सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाणपिसू पाहणे हा एक आनंदच आहे. तिचे कवच इतके पारदर्शक असते की आत धडधडणारे हृदय आणि खाल्लेल्या शेवाळाने हिरवे झालेले आतडे स्पष्ट दिसते. ती पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खाते आणि माशांची पिले तिला खातात. म्हणून मासेमारीवर ज्यांची चूल पेटते, अशा भोई कुटुंबांचाही या न दिसणाऱ्या जिवाशी संबंध पोहोचतो.

पाणी व अन्न विपुल असेपर्यंत पाणपिसवांमध्ये बहुधा माद्याच असतात. नराशिवायच त्यांना पिले होतात व तीही माद्याच. एका मादीपासून थोड्याच आठवड्यांत सारे तळे भरून जाऊ शकते. पाणी आटू लागले किंवा अन्न कमी पडू लागले, की मग नर जन्मास येतात आणि माद्या निराळ्याच प्रकारची टणक अंडी घालतात. ही अंडी एका काळसर आवरणात सुरक्षित राहतात. त्या आवरणाचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा असल्यामुळे शास्त्रज्ञांनी त्याला खोगीर याच अर्थाचे लॅटिन नाव दिले आहे. उन्हाळ्यात तळे कोरडे पडून चिखलाला भेगा जातात, तरी ही अंडी मरत नाहीत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका सरोवराच्या तळच्या गाळातून सुमारे ७०० वर्षांपूर्वीची अंडी काढून ती उबविण्यात शास्त्रज्ञांना यश आले. ते संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. हिंगोलीतील नर्सी हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते, त्या संत नामदेवांच्या काळातील ती अंडी होती!

या गुणाचा उपयोग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने मोठ्या युक्तीने केला. त्याचे नाव गेओर्ग ओस्सियान सार्स. कार्ल लुमहोल्ट्झ नावाचा त्याचा देशबंधू ऑस्ट्रेलियात प्रवासास गेला होता. त्याने तेथील एका तळ्याचा वाळलेला चिखल सार्सकडे पाठविला. सार्सने तो पाण्यात भिजत घातला, आणि बर्फाळ नॉर्वेत ऑस्ट्रेलियातील पाणपिसवा पोहू लागल्या! १८८५ साली त्यांचे वर्णन लिहिताना त्याने एका नव्या जातीला चिखल पाठविणाऱ्याचे नाव दिले : डॅफ्निया लुमहोल्ट्झी. डोक्यावर टोकदार शिरस्त्राण आणि मागे लांब काटा, असे तिचे रूप आहे. आसपास मासे असले की पाण्यात उतरलेल्या त्यांच्या गंधद्रव्यांमुळे तिचे काटे अधिकच लांब वाढतात.

ही काटेरी पाणपिसू ऑस्ट्रेलियाप्रमाणेच आफ्रिकेतही आढळते आणि आपल्या भारतातही. येथील तळ्यांत ती कोणास उपरी वाटत नाही. परंतु १९९१ साली ती अमेरिकेत टेक्सासमधील एका जलाशयात सापडली, तेव्हा तेथील अभ्यासक चकित झाले. आफ्रिकेतून आणलेल्या माशांबरोबर ती आली असावी असा तर्क आहे. त्यानंतर एका जलाशयातून दुसऱ्यात जाणाऱ्या होड्यांबरोबर ती पसरत गेली व १९९९ साली दूर उत्तरेच्या ईरी सरोवरातही दिसली. उन्हाळ्यात पाणी तापले, की तेथील मूळच्या पाणपिसवांची संख्या घटते. नेमकी तेव्हाच हिची वाढते. तिच्या काट्यांमुळे माशांच्या लहान पिलांना ती गिळणे अवघड जाते, हीच तेथील अभ्यासकांची चिंता आहे.

जे येथून तेथे गेले, तसे तेथूनही काही येथे येऊ शकेल. आपल्या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचे मत्स्यबीज दूरच्या केंद्रांतून आणून सोडतात. त्याबरोबर परके पाणीही येते. बदकांच्या पायांना व गुरांच्या खुरांना चिकटलेला चिखल या तळ्यातून त्या तळ्यात जातो. मात्र एखादा जीव परका आहे हे ओळखण्यासाठी घरचे कोण, हे आधी ठाऊक असावे लागते, आणि तेच काम आपल्याकडे पुष्कळ शिल्लक आहे. पुण्यासारख्या गजबजलेल्या शहरातूनही समीर पाध्ये या तरुण संशोधकाने बेल्जियमचे शास्त्रज्ञ द्यूमाँ यांच्यासह २०१४ साली पाणपिसवांची एक अगदी नवी जात जगापुढे आणली. पुण्यातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या सन्मानार्थ तिचे नाव मोइना हेमांती असे ठेवण्यात आले. पुण्याची ही गोष्ट, तर सिद्धेश्वरचा जलाशय, पैनगंगेवरील इसापूरचे धरण, कयाधूचे डोह आणि गावोगावचे पाझर तलाव यांत काय काय दडले असेल?

त्यासाठी लागणारी साधने फारशी महाग नाहीत. बारीक विणीच्या रेशमी वा नायलॉनच्या कापडाची निमुळती जाळी पाण्यातून ओढतात. तळाशी साचलेले जीव मद्यार्क घातलेल्या बाटलीत ठेवतात व पुढे दिवसचे दिवस सूक्ष्मदर्शकाखाली एकेका जिवाचे काटे आणि केस मोजीत बसतात. तळे कोरडे असेल तर मूठभर वाळलेला चिखल घरी आणून सार्सप्रमाणे भिजत घालतात. प्रत्येक बाटलीवर ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असते. ती चिठ्ठी गळून हरवली, तर आतील जीव कितीही दुर्मीळ असला, तरी तो कोणत्या तळ्याचा हे सांगता येत नाही.